आईविना वाढणारे नवजात पिल्लू दूध ओढत नाही, मलूल पडते : काय आणि कोणत्या क्रमाने तपासावे

आईविना घरी आणलेले कुत्र्याचे पिल्लू पहिल्या दिवशी ठणठणीत दिसते, दुसऱ्या दिवशी दूध कमी ओढते आणि तिसऱ्या पहाटे खोक्याच्या कोपऱ्यात गार पडलेले सापडते. बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यातून दिवाळीनंतर हीच हकीकत माझ्यापर्यंत इतक्या वेळा येते की सांगणाऱ्याचे पहिले वाक्य ऐकताच पुढचे प्रश्न माझ्या मनात तयार असतात. गेल्या अकरा वर्षांत मी अशी अनेक वेते हाताने वाढवली, काही गमावलीही. त्यातून तपासणीचा जो क्रम हाताला बसला, तो येथे मांडत आहे. सर्वांत सोप्या आणि बिनखर्चाच्या गोष्टी आधी येतील, अवघड आणि खर्चाच्या नंतर.

लक्षणे

पिल्लू भावंडांच्या घोळक्यातून सरकून एकटे पडते. आधी बारीक, न थांबणारे रडणे चालू होते आणि काही तासांनी ते बंद पडते. रडणे थांबले म्हणून घरातल्या माणसांना हायसे वाटते, परंतु उचलल्यावर पिल्लू हातात ओल्या फडक्यासारखे लोंबत असेल तर ती शांतता झोपेची नसते. निपल तोंडात दिल्यावर ते जिभेने धरत नाही, दूध ओठांच्या कडेने गळते. पोट एक तर पाठीला लागलेले असते किंवा ढोलासारखे ताणलेले असते. कधी दूध नाकातून येते, तर कधी श्वासाबरोबर छातीत खरखर ऐकू येते. शी पिवळसर हिरवी, पांढरी, दह्याच्या कवड्यांसारखी किंवा पाण्यासारखी होते. लघवी गडद पिवळी होते. वजन एका दिवसात वाढत नाही किंवा घटते.

एक गोष्ट मात्र लक्षण समजू नये. नवजात पिल्लाचे अंग झोपेत अधूनमधून फुरफुरते, पाय झटकले जातात, ओठ हलतात. घाबरलेली माणसे याला फेफरे समजतात, पण ही निरोगी झोपेची खूण आहे. उलट झोपेत अजिबात न हलणारे पिल्लू मला अधिक काळजीत टाकते.

वरची बहुतेक लक्षणे भुकेसारखी दिसतात, म्हणून प्रत्येकाचा हात आधी दुधाच्या वाटीकडे जातो. माझ्या अनुभवात बिघाड बहुतेक वेळा उबेत असतो आणि गारठलेल्या पिल्लाला पाजलेले दूधच त्याला संपवते. त्यामुळे खालच्या तपासण्यांचा क्रम बदलू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पिल्लू खरोखरच अनाथ आहे का

या प्रश्नाला काहीच खर्च नाही आणि तरीही तो सहसा विचारला जात नाही. चिक्कोडी-निपाणीकडे ऊसतोडणी सुरू झाली की पाचटात लपवलेली पिल्ले अचानक उघडी पडतात. खानापूरकडे पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीत किंवा पडक्या गोठ्यात ती सापडतात. तोडकऱ्यांच्या गोंगाटाने कुत्री दूर पळालेली असते आणि अंधार पडल्यावर परत येते. पिल्ले एकमेकांवर रचून शांत झोपली असतील, अंग गरम आणि पोट गोल असेल, तर काही तासांपूर्वी आई तेथे होती हे निश्चित समजावे. जागा सुरक्षित असेल तर लांबून दोन-तीन तास पाहावे. पिल्ले गार असतील, विखुरलेली असतील, मुंग्या लागल्या असतील किंवा आई मेलेली डोळ्यांनी पाहिली असेल, तर मात्र थांबू नये.

उचलण्यापूर्वी आईविषयी चौकशी करणे तितकेच आवश्यक आहे. मरण्याआधी ती कारण नसताना चावत होती, लाळ गाळत होती, झोकांड्या खात होती असे कोणी सांगितले, तर हा रेबीजचा संशय आहे. अशा पिल्लांना उघड्या हाताने धरू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि पशुवैद्यांना विचारल्याशिवाय घरी आणू नये. हातावरच्या जखमेला लाळ लागली असेल तर ती वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि माणसांच्या दवाखान्यात त्याच दिवशी लसीसाठी जावे. येथे घरगुती उपायाला जागा नाही.

तोंडात बोट घालून पाहणे

हात साबणाने धुऊन, पुसून, करंगळीचे टोक पिल्लाच्या तोंडात हलकेच घालावे. आतून ऊब लागली आणि जिभेने बोट गुंडाळून ओढले, तर पिल्लू पाजण्याच्या स्थितीत आहे. तोंड आतून गार लागले तर बाकीचे सर्व बाजूला ठेवावे.

याचे कारण असे की जन्मल्यानंतर साधारण पहिला आठवडा पिल्लाला कुडकुडता येत नाही. आपण थंडीत कुडकुडतो तेव्हा स्नायू उष्णता तयार करतात. ही सोय त्याच्याकडे नसते, अंगावर चरबीही नसते. उष्णतेसाठी ते पूर्णपणे आईच्या पोटावर आणि भावंडांवर अवलंबून असते. शरीर गार पडले की आतड्यांची हालचाल मंदावते आणि पुढे थांबते. मग पाजलेले दूध पोटात तसेच साचते, फुगते, उलटून घशात येते आणि श्वासनलिकेत उतरते. गिळण्याची क्रियाही मंद झालेली असते, त्यामुळे पिल्लाला ठसकासुद्धा देता येत नाही.

माझ्या हातून हे पहिल्याच वेताला घडले. संकेश्वरकडून बेळगावला येताना महामार्गाच्या कडेला कुत्री चिरडलेली होती आणि गटाराच्या काठावर पाच पिल्ले होती. डिसेंबरची रात्र होती. घरी पोहोचताच मी चमच्याने कोमट दूध पाजले, कारण ती रडत होती आणि मला ते ऐकवत नव्हते. पहाटेपर्यंत तीन गेली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून सांगितले की दूध पोटात जसेच्या तसे होते आणि काही फुफ्फुसात गेले होते. त्या तिघांना दुधाची नव्हे, दोन तासांच्या उबेची गरज होती, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर असे मला अजूनही वाटते.

बोटाने कळत नसेल तर माणसांचा साधा डिजिटल थर्मामीटर वापरावा. टोकाला थोडे खोबरेल लावून तो गुदद्वारात अगदी थोडा, सेंटीमीटरभर, सरकवावा आणि पुढे हा थर्मामीटर पिल्लांसाठीच राखून ठेवावा. पहिल्या आठवड्यात ९५ ते ९९ अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे ३५ ते ३७ अंश सेल्सियस, हे तापमान योग्य. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते ९७ ते १०० पर्यंत जाते. म्हणजे मोठ्या कुत्र्याचे १०१ हे तापमान नवजात पिल्लात शोधू नये. ९४ च्या खाली दूध देऊ नये. बरेच थर्मामीटर ९० च्या खाली आकडा न दाखवता ‘लो’ अशी अक्षरे दाखवतात. तो यंत्राचा बिघाड नसून पिल्लू अतिशय गारठल्याचा निरोप असतो.

गारठलेले पिल्लू एकदम गरम करू नये. चुलीपुढे धरणे, गरम पाण्यात बुडवणे, केसांच्या ड्रायरची झोत सोडणे हे सर्व घातक आहे, कारण कातडी तापते, तिच्यातल्या रक्तवाहिन्या फुलतात आणि आतल्या अवयवांना रक्त कमी पडते. एक ते तीन तासांत हळूहळू ऊब द्यावी. सर्वांत भरवशाची जागा म्हणजे आपल्याच अंगाची, सदऱ्याच्या आत, कातडीला लागून. दर पंधरा-वीस मिनिटांनी पिल्लाची कूस बदलावी. या काळात दुधाऐवजी ग्लुकोज पावडर चालते. १०० मिली उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा पावडर विरघळवून त्याचे एक-दोन थेंब बोटाने हिरड्यांवर चोळावेत. घशात ओतू नये. उपाशी पिल्लाची साखर वेगाने उतरते आणि हिरड्यांवाटे थोडी तरी आत जाते.

उबेची जागा तपासणे

पिल्लू एकदा गरम केले आणि पुन्हा त्याच खोक्यात ठेवल्यावर चार तासांनी गार पडले, तर दोष खोक्यात आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर खोक्यातले तापमान साधारण ३० ते ३२ अंश सेल्सियस असावे, दुसऱ्या आठवड्यात २७ ते २९ आणि चौथ्या आठवड्यापर्यंत ते हळूहळू २४ पर्यंत उतरवावे. बेळगावात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा पंधराच्या खाली जातो. अशा वेळी फरशीवर ठेवलेले पुठ्ठ्याचे खोके आणि वर एक जुने लुगडे एवढ्याने भागत नाही. खोके फरशीपासून उचलून पाटावर ठेवावे, कारण गारवा खालून अधिक चढतो.

गेल्या काही वर्षांत एक नवीन चूक सर्रास दिसते. लोक सांगतात की बल्ब लावला आहे, आणि तो एलईडीचा असतो. तो उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाही. तारेचा जुना पिवळा बल्ब, ४० किंवा ६० वॅटचा, कोंबड्यांच्या पिल्लांसाठी लागणारे सामान विकणाऱ्या दुकानात अजून मिळतो. तो खोक्याच्या एकाच टोकाला, पिल्लांपासून दीड-दोन फूट उंच, कपडा किंवा पुठ्ठा लागणार नाही असा पक्का बांधावा. दुसरे टोक मुद्दाम थंड ठेवावे. पिल्ले एकमेकांवर चढून रडत असतील तर गारवा आहे, लांब लांब पसरून तोंड उघडून धापत असतील तर उष्मा आहे, आणि शेजारी शेजारी सैल पडून झोपली असतील तर सर्व ठीक आहे. हे वाचता आले की थर्मामीटर दिवसातून दोनदाच पुरतो.

वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या वापराव्यात, पण त्या जाड टॉवेलात गुंडाळून आणि खोक्याच्या एका बाजूलाच. पिल्लाला सरकून लांब जाता आले पाहिजे, नाहीतर कातडी भाजते आणि दोन दिवसांनी फोड उठल्यावरच ते कळते. तव्यावर गरम केलेल्या जाड्या मिठाची किंवा तांदळाची पुरचुंडीही चालते, मात्र ती आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून पाहावी. गार झालेली बाटली खोक्यात ठेवू नये, ती पिल्लाची ऊब उलट ओढून घेते.

खानापूर-जांबोटीकडच्या पावसात प्रश्न वेगळा असतो. तेथे हवा दमट असते, कपडे वाळत नाहीत आणि अर्धवट ओल्या फडक्यावर पिल्ले निजवली जातात. ओले अंग कोरड्या अंगाच्या कितीतरी पट वेगाने ऊब गमावते. पावसाळ्यात मी फडक्यांचे दोन ढीग ठेवतो, आणि इस्त्री फिरवल्याशिवाय एकही फडके खोक्यात जात नाही.

वजन

ऊब ठीक असूनही पिल्लू खंगत असेल तर अंदाज सोडून काटा हाती घ्यावा. स्वयंपाकघरातला, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा पुरतो. त्यावर वाटी ठेवून आकडा शून्य करावा आणि पिल्लू वाटीत ठेवावे. सकाळ-संध्याकाळ एकाच वेळी, पाजण्याआधी मोजावे. आपल्याकडच्या गावठी कुत्र्याचे पिल्लू जन्मतः सहसा २०० ते ३०० ग्रॅमच्या आसपास असते. पहिल्या दिवशी किंचित घट चालते, त्यानंतर रोज जन्मवजनाच्या ५ ते १० टक्के वाढ व्हावी आणि आठ ते दहा दिवसांत वजन दुप्पट व्हावे. पिल्लू सुस्त दिसण्याच्या आधी अर्धा-एक दिवस काटा ते सांगतो, हेच याचे मोल आहे. वाढ एक दिवस थांबली तर पुढच्या तपासण्या लगेच कराव्यात. वजन १० टक्क्यांनी घटले तर घरी तपासत बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

एकसारखी दिसणारी पिल्ले ओळखण्यासाठी शहापूर-वडगावातली माणसे घरच्या मागाचे रंगीत धागे गळ्यात बांधतात. कल्पना चांगली आहे, परंतु झपाट्याने वाढणाऱ्या मानेला तो धागा रुतताना मी पाहिला आहे. धागा रोज सोडून सैल बांधणार नसाल तर नखांना वेगवेगळ्या रंगाचे नेलपॉलिश लावावे.

पाजण्याची पद्धत

माणसाच्या बाळासारखे मांडीवर उताणे घेऊन पाजणे ही सर्वांत सामान्य चूक आहे आणि ती मायेपोटी होते, म्हणून ती सांगताना मला जड जाते. उताण्या पिल्लाचे दूध थेट श्वासनलिकेकडे उतरते. पिल्लू पोटावर असावे, पुढचे पाय टॉवेलच्या घडीवर, मान सरळ आणि डोके किंचित वर, जसे ते आईला पिताना असते. पुढच्या पायांनी त्याला काहीतरी रेटता आले तर ते अधिक जोमाने ओढते.

बाटली उलटी धरल्यावर निपलातून थेंब आपोआप न गळता, हलके दाबल्यावर एकेक पडावा. भोक मोठे असेल तर ठसका लागतो, लहान असेल तर पिल्लू दमून झोपते आणि आपल्याला वाटते की पोट भरले. बाटली पिळू नये. पहिले दोन-तीन दिवस निपल तोंडात मावत नसेल तर सुई काढलेली १ किंवा २ मिलीची सिरिंज चालते, मात्र पिल्लू स्वतः गिळेल त्याच वेगाने थेंब सोडावा. दूध मनगटावर कोमट लागावे, सुमारे ३८ अंश. पाजताना नाकातून दूध आले तर तत्काळ थांबून डोके खाली करावे आणि नाक पुसावे. दर वेळी नाकातून येत असेल तर टॉर्च लावून टाळू पाहावी. काही पिल्लांची टाळू जन्मतःच फाटलेली असते आणि हा डॉक्टरांचा विषय आहे.

नळीने थेट पोटात दूध घालण्याची चित्रफीत पाहून कोणी तसे करू नये. नळी फुफ्फुसात गेली तर एका पाजण्यात पिल्लू जाते. डॉक्टरांनी समोर बसवून शिकवले असेल तरच ते करावे.

कोणते दूध आणि किती

आता दुधाकडे येऊ. आपल्या घरांतली समजूत अशी की वरचे दूध तान्ह्याला पचत नाही म्हणून ते निम्मे पाणी घालून द्यावे. शेजारच्या काकूंनी मला पहिल्या वर्षी तेच सांगितले होते आणि त्यांच्या मायेविषयी मला तिळमात्र शंका नाही, परंतु पिल्लाच्या बाबतीत हिशेब उलटा पडतो. कुत्रीचे दूध गाईच्या दुधाहून पुष्कळ दाट असते. त्यात प्रथिने आणि स्निग्धांश दुपटीच्या आसपास असतात आणि दुधातली साखर मात्र कमी असते. पिल्लाला दर १०० ग्रॅम वजनाला दिवसाला सुमारे २० ते २५ कॅलरी लागतात, आणि एका वेळी त्याला १०० ग्रॅमला साधारण ४ मिलीच आरामात पाजता येते. आता २५० ग्रॅमचे पिल्लू घ्या. त्याला दिवसाला सुमारे ६० कॅलरी हव्यात आणि एका वेळेस १० मिली पाजता येते. तीन-तीन तासांनी आठ वेळा पाजले तर ८० मिली होतात. गाईच्या दुधात १०० मिलीला साधारण ६५ कॅलरी असतात, म्हणजे ८० मिलीतून ५२ मिळाल्या, थोड्या कमीच. त्यातच निम्मे पाणी घातले तर फक्त २६ मिळतात. पोट दर वेळी टम्म भरलेले आणि पिल्लू रोज उपाशी, असे त्यामुळे घडते. म्हशीचे दूध अधिक दाट असते, पण साखर त्यातही पिल्लासाठी जास्तच, आणि त्याने जुलाब लागू शकतात.

म्हणून पहिली पसंती पिल्लांसाठीच्या तयार दूधपावडरीला द्यावी. ती मोठ्या औषधदुकानांत आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळते. डब्यावरचे पाण्याचे प्रमाण तंतोतंत पाळावे. माणसांच्या बाळाची पावडर पर्याय नव्हे. रात्री दुकाने बंद असतील तर एक-दोन दिवसांची सोय म्हणून २५० मिली पाणी न घातलेले, उकळून कोमट केलेले गाईचे दूध, तीन अंड्यांचे फक्त पिवळे बलक आणि एक मोठा चमचा सूर्यफूल तेल घुसळून, गाळून द्यावे. पांढरा बलक घालू नये. मध घालू नये, त्यातल्या जंतूंच्या बीजांचा नवजात जिवाला धोका असतो. साखर घालू नये. मिश्रण फ्रिजमध्ये ठेवून चोवीस तासांत संपवावे आणि एकदा गरम केलेले उरलेले दूध टाकून द्यावे. त्याची हळहळ करू नये.

पहिल्या दिवशी ठरलेल्या मात्रेच्या निम्म्यापासून सुरुवात करून एक-दोन दिवसांत पूर्ण मात्रेवर यावे. पहिल्या आठवड्यात दोन ते तीन तासांनी, रात्रीही. दुसऱ्या आठवड्यात तीन ते चार तासांनी. पिवळसर आणि आकार धरणारी शी म्हणजे पोट ठीक आहे. ती हिरवट किंवा पातळ झाली तर बहुधा जास्त पाजले जात आहे. तेव्हा एक दिवस मात्रा कमी करावी किंवा दूध उकळलेल्या पाण्याने निम्मे पातळ करावे. पाणी घालण्याची मुभा एवढीच आणि एका दिवसापुरतीच. दुसऱ्या दिवशीही जुलाब राहिले, किंवा शी पांढरट वा रक्ताळलेली असली, तर डॉक्टर.

गल्लीत दुसरी व्यालेली कुत्री आहे का, हेही विचारून पाहावे. तिच्या अंथरुणाचा वास पिल्लाला लावून, आपण जवळ बसून, एकेक पिल्लू तिच्याकडे सरकवावे. तिने चाटायला घेतले तर वर लिहिलेल्या निम्म्या गोष्टींची गरज उरत नाही. ती गुरगुरली तर आग्रह धरू नये.

शी आणि लघवी

पहिले सुमारे तीन आठवडे पिल्लाला आपणहून शी-लघवी करता येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते. दर पाजण्याच्या आधी किंवा नंतर कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने तेथे हलकेच पुसत राहावे, मिनिटभर पुरते. लघवी जवळजवळ दर वेळी होते, शी दिवसातून काही वेळा. पोट टणक फुगून पिल्लू रडत असेल तर दूध वाढवण्याआधी हे झाले आहे का ते पाहावे. मला आलेल्या कित्येक फोनचे उत्तर एवढेच होते. लघवीचा रंग हाही एक आरसा आहे. नवजात पिल्लाची लघवी पाण्यासारखी फिकी असते, ती गडद झाली की अंगातले पाणी कमी झाले. मोठ्या कुत्र्याप्रमाणे कातडी चिमटीत धरून पाहण्याची परीक्षा या वयात फसते, त्याऐवजी हिरड्या ओलसर आहेत की चिकट ते पाहावे.

अंगावरची पाहणी

नाळेचे टोक कोरडे असावे, ते काही दिवसांत गळते. पहिल्या दिवशी पोव्हिडोन आयोडीन लावावे. तेथे लाली, सूज, पू किंवा अळ्या दिसल्या तर घरी टोकरू नये. पिसवा आणि गोचिडी एवढ्याशा जिवाचे इतके रक्त पितात की हिरड्या पांढऱ्या पडतात. त्या बारीक कंगव्याने आणि चिमट्याने काढाव्यात. मोठ्या कुत्र्यांची पावडर, फवारा किंवा गोठ्यात वापरायचे गोचीडनाशक नवजाताला कधीही लावू नये. आंघोळही घालू नये.

जंतांचे औषध दोन आठवड्यांच्या वयापासून सुरू होते, कारण गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लात येतात. मात्रा डॉक्टरांनी वजनावरून ठरवावी. डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात. न उघडलेल्या पापणीखाली फुगवटा किंवा पू दिसला तर वाट पाहू नये, तसेच त्या ओढून उघडूही नयेत.

कुठे थांबावे

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तर घरची तपासणी थांबवून पशुवैद्यांकडे जावे. तीन तास नीट ऊब देऊनही तोंड गार राहते. अंग गरम आहे तरी पिल्लू सलग दोन वेळा ओढत नाही. तोंड उघडून श्वास घेते किंवा छातीत खरखर आहे. हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा विटकरी लाल आहेत. झटके येतात. पोट टणक फुगले आहे आणि पुसल्यावरही काही होत नाही. एकाच वेतातली दोन पिल्ले एका दिवसात मलूल पडली, तर तिसरे कितीही तरतरीत दिसले तरी सर्वांना न्यावे, कारण अशा वेळी संसर्गाची शक्यता मोठी असते. उरलेली प्रतिजैविकाची गोळी कुटून देण्याचा मोह टाळावा.

डॉक्टरांना एक माहिती आपणहून द्यावी, ती म्हणजे पिल्लांनी आईचे पहिले दूध, म्हणजे चीक, प्यायला होता की नाही. कुत्र्यात रोगप्रतिकारशक्तीचा फार थोडा भाग गर्भातून मिळतो, बाकीचा चिकातून येतो आणि तो न पचवता तसाच रक्तात घेण्याची आतड्यांची क्षमता जन्मानंतर सुमारे चोवीस तासांत संपते. चीक न मिळालेल्या पिल्लाचे उपचार आणि लसींचे वेळापत्रक यांविषयी डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात. लसी होईपर्यंत अशा पिल्लाला बाहेरच्या कुत्र्यांपासून आणि रस्त्यावरून आलेल्या चपलांपासूनही दूर ठेवावे.

नेतानाची ऊब हा शेवटचा मुद्दा. नंदगड किंवा जांबोटीहून सकाळच्या बसने बेळगावला येईपर्यंत उघड्या टोपलीतले पिल्लू पुन्हा गारठते आणि आधीची सारी मेहनत वाया जाते. ते सदऱ्याच्या आत घ्यावे, बाहेरून शाल गुंडाळावी, निघण्यापूर्वी लगेच पाजू नये. वजनांची वही बरोबर ठेवावी. दवाखान्यात कोणी कन्नडमध्ये ‘तूक एष्टु?’ असे विचारले, तर ते वजनच विचारत आहेत. वहीचे पान पुढे करावे, त्यात रोजचे आकडे, तापमान, पाजलेले दूध आणि शीचा रंग लिहिलेला असला की उपचार दहा मिनिटे आधी सुरू होतात.